आईची झुलती खुर्ची : टेरेसवरच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आईला झोपाळा हवा आहे. मागणी नवीन नाही, सहा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे राहायला आली तेव्हापासूनची. शनिवार पेठेतल्या तिच्या माहेरच्या वाड्यात सोप्यावर सागवानी झोपाळा होता, पितळी कड्यांचा. वाडा पाडला तेव्हा पाट एका मामाकडे गेला. कड्या कुठे गेल्या, या विषयावर उरलेले दोन मामा अजून एकमेकांशी जपून बोलतात.

आमचं घर कोथरूडला, चौथ्या मजल्यावर. टेरेस दहा बाय नऊ फूट, पश्चिमेला उघडं, डोक्यावर स्लॅब नाही. त्यामुळे वर टांगायचा प्रश्नच मिटला. हॉलमध्ये फॉल्स सीलिंग आहे आणि त्याच्या वर कुठून कुठे वायरी गेल्यात ते बिल्डरलाही आठवत नसेल. टेरेसच्या फरशीत बोल्ट मारून खांब उभा करायचा, असं भाच्याने सुचवलं. त्याला सांगितलं, टाइल्सखाली ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर आहे, त्याला एक भोक पडलं की वॉटरप्रूफिंग गेलं. पाच वर्षांपूर्वी खालच्यांच्या बेडरूममध्ये ओल उतरली होती. तेव्हाचा खर्च विसरले, अबोला विसरलेले नाही.

म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहणारी झुलती खुर्ची. वही उघडली. भोसरीत एका कंपनीच्या इन्स्पेक्शनमध्ये बावीस वर्षं काढली, तारीख टाकल्याशिवाय काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

१९ जानेवारी

खडूने टेरेसवर वर्तुळं काढली. बाजारातल्या बहुतेक खुर्च्यांचा बेस साधारण एक मीटर व्यासाचा आणि उंची १९०–१९५ सेंटिमीटर. टोपली पुढेमागे फूटभर तरी हलणार, ती जागा वेगळी. कठड्यापासून मी हिशेबापेक्षा जास्त अंतर सोडलं आहे. नात चार वर्षांची आहे. कठड्याला लागून ठेवलेली कुठलीही बसायची वस्तू म्हणजे तिच्यासाठी पायरीच.

आईने खडूची वर्तुळं बघून विचारलं, "रांगोळी का गं आत्ताच?"

२ फेब्रुवारी

तीन दुकानं केली. पर्समध्ये लोहचुंबक आणि जाडी मोजायचा व्हर्निअर. विक्रेत्यांना पहिल्याचं हसू येतं, दुसऱ्याचं येत नाही.

चुंबकाचं काम सोपं. टोपलीच्या सांगाड्याला चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम. वीण खालून उचलून सांगाड्याला लावून बघायचा, वरवर नाही. टोपलीत ॲल्युमिनियम असेल तर उत्तम, कारण विणीखालचा गंज दिसत नाही आणि दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

व्हर्निअर पाइपच्या उघड्या तोंडाला लावायचा. एका ठिकाणी 'हेवी ड्यूटी' स्टँडची जाडी भरली १.२ मिमी. या खुर्च्यांची कमान पुढे झुकलेली असते, टोपली तिच्या टोकाला लोंबते. सगळा भार पाइप वाकवण्यात जातो, सर्वात जास्त खाली, कमान बेसला मिळते तिथे. नेमका तिथेच जोड असतो आणि तिथेच पाणी साठतं.

सगळीकडे '१५० किलो' असं स्टिकर. मी विचारलं, हे शांत बसलेल्या माणसाचे का धपकन बसलेल्या? "मॅडम, माणूस तोच ना?" माणूस तोच, पण भार अचानक पडला की क्षणभर दुप्पट होतो, अगदी उंचीवरून न पडताही. ७० किलोचा माणूस टेकता टेकता अंग सोडतो तेव्हा टोपली टांगलेल्या आकड्याला १४० किलो जाणवतात. वरून उडी मारणारी नात वेगळीच.

९ फेब्रुवारी

खऱ्या वेताची बघावी म्हणून बुरूड आळीत गेले. वेताचं काम डोळ्यांना किती बरं वाटतं. कारागिराने स्वतःच विचारलं, उन्हात ठेवणार का आडोशाला? उन्हात म्हटल्यावर म्हणाला, मग नका घेऊ. वेत उन्हाने तडकतो, पावसाने बुरशी धरतो, घरात मात्र वर्षानुवर्षं टिकतो. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार पुण्यात नवा नाही, पण याने कारण सांगून पाठवलं.

बाहेर ठेवायची तर पॉलिइथिलीनची पट्टी, उन्हासाठी प्रक्रिया केलेली. हलकी पट्टी दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते. जुन्या नमुन्याची पट्टी नखाने दुमडून बघावी, पांढरी रेघ उमटली की ती जाणार.

घरी आईला सांगितलं, ही अंड्याच्या आकाराची टांगती खुर्ची १९५९ साली डेन्मार्कमध्ये नाना डिट्झेल यांनी केली, तीही वेताचीच होती. आई म्हणाली, "डेन्मार्कला नाना कोण गेले?" नाना ही बाई होती, हे सांगितल्यावर तिला खुर्चीबद्दल जास्त आदर वाटायला लागला.

२२ फेब्रुवारी

घेतली. सेकंडहँड, बाणेरच्या एका कुटुंबाकडून, बदली होऊन चाललेत. साडेचार हजार. टोपलीला चुंबक चिकटला नाही, वीण घट्ट, गादी धुण्यासारखी. स्टँडचा वरचा भाग चकचकीत. बेसचं सॉकेट, म्हणजे कमान बसते ती खोबण, उघडलं तर आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं.

हे म्हणाले, "मग घेतलीस कशाला?" टोपली चांगली आहे म्हणून. लोक टोपली बघून घेतात आणि स्टँडवर बसतात.

१ मार्च

नऱ्ह्याच्या फॅब्रिकेटरकडे. वीस वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला ट्रॉल्या करून द्यायचा, तेव्हापासून ओळख. जुनी कमान हातोडीने वाजवली, खालच्या वीतभर भागाचा आवाज बद्द. कापून बघितली तर मूळची दीड मिमी भिंत एके ठिकाणी निम्मीही राहिली नव्हती. बाहेरून रंग शाबूत. भंगारात.

"ताई, बी क्लास पाइपचा करू, नातवंडं बसतील." बाहेरचा व्यास साठ मिमी, भिंत ३.६. मीटरला पाच किलोच्या आसपास वजन. मला वजन हवंच आहे, स्टँडचं वजन जमिनीलगत असेल तर ते कामाचं.

बेस किती मोठा, यावर अर्धा तास गेला. त्याच्या फळ्यावर खडूने काढून दाखवलं. टोपली कलली की दोरीची रेषा आकड्यापासून थेट जमिनीपर्यंत लांबवायची. ती बेसच्या आत पडली तर स्टँड शांत. बाहेर पडली की स्टँड उचलायला लागतो. आकडा १९० सेंमीवर आणि बेस मध्यापासून कडेपर्यंत ५० सेंमी, तर हा कोन १५ अंशांच्याही आत येतो. आकड्यापासून बैठकीपर्यंत १३० सेंमी धरले तर टोपली जेमतेम फूटभर सरकते तेवढ्यात. स्टँडच्या वजनामुळे थोडी सूट मिळते, पण हा झोपाळा नव्हे. पायाने रेटा देऊन उंच झोके घ्यायची वस्तूच नाही ही.

बेस ५० ऐवजी ६० सेंमी करायला सांगितला, कोन साडेसतरापर्यंत गेला. दोन तुकड्यांत, नाहीतर लिफ्टमध्ये येणार नाही. आकडा बेसच्या बरोबर मध्यावर, ओळंबा लावून. हे शेवटचं दोनदा सांगितलं.

११ मार्च

पावडर कोटिंगच्या, म्हणजे भट्टीत भाजून बसवायच्या रंगाच्या, आधी बघून आले. बरं झालं गेले. पाइपची तोंडं टोप्या वेल्ड करून बंद केली होती आणि भोक एकही नव्हतं. बंद पाइप भट्टीत १८०–२०० अंशांना जातो, आतली हवा फुगते, वेल्डच्या बारीक छिद्रातून फुसफुसत कोटिंग फोडते. नंतर पावसाळ्यात त्याच छिद्रातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. प्रत्येक तुकड्याच्या सर्वात खालच्या जागी ६ मिमीचं भोक पाडून घेतलं. वेल्डची काळी खपली घासायला लावली. रंग राखाडी. मुलाला काळा हवा होता. पश्चिमेच्या उन्हात काळा लोखंडी खांब एप्रिलमध्ये पोळतो, त्याला बसू दे आधी.

१५ मार्च

रविवार पेठ, बोहरी आळी. सुट्या भागांची खरेदी, आणि या प्रकल्पातला मला सर्वात आवडलेला दिवस.

जुन्या खुर्चीबरोबर उघडा एस आकडा होता, तोंड अर्धा मिमी फाकलेलं. उघडा आकडा मला डोक्यावर नको. त्याजागी मध्ये फिरकी असलेला स्विव्हल, म्हणजे टोपली फिरली तरी साखळीला पीळ बसत नाही. स्प्रिंगही बदलली. जुनी ताणाची होती, दोन टोकांना आकडे असलेली. ती तुटली की संपलं. आता घेतली ती दाबाची: दोन लांब कड्या स्प्रिंगच्या आतून उलट दिशेने जातात आणि भार आला की स्प्रिंग दाबली जाते. तुटली तरी कड्या एकमेकींत अडकून राहतात, माणूस खाली येत नाही. दुकानदाराने जिमच्या बॉक्सिंग बॅगसाठी ठेवली होती.

स्प्रिंगची मोकळी, म्हणजे भार नसतानाची, लांबी १५३ मिमी. लिहून ठेवली.

जोडायला भाच्याने त्याच्या ट्रेकिंगच्या सामानातला कॅरॅबिनर, म्हणजे दाबून उघडायची कडी दिली, अंगावर २२ किलोन्यूटन कोरलेला. सिंहगडावर ज्याच्यावर त्याचं वजन चालतं, त्यावर आजीचं चालेल, असा त्याचा युक्तिवाद. किल्ल्यांच्या जुडग्याला मिळतात तसले रंगीबेरंगी कॅरॅबिनर या कामाला लावू नयेत, हे वेगळं सांगायला नको. पण एका दुकानात मला तेच दाखवले.

२३ मार्च

जोडणी. अडीच तास. टेरेसला पाणी जायला ढाळ आहे, शंभराला एक. म्हणजे १९० सेंमी उंचीवर आकडा जवळजवळ दोन सेंमी ढाळाकडे झुकतो. खालच्या बाजूला रबराचे पॅड घालून लेव्हल केली. बोल्ट आधी सगळे हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने पाना मारून. एकदम एकच घट्ट केला की दुसऱ्याचं भोक जुळत नाही आणि मग माणसं हातोडी घेतात.

वाळूचं पोतं ठेवून रात्रभर टांगून ठेवलं. सकाळी बोल्ट पुन्हा तपासले, दोन पाव फेरा फिरले.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड झालं आणि आईला बसवायचं ठरलं. बसता येईना.

टोपलीची कड ५२ सेंमीवर. आईचे गुडघे दुखतात, ती मागे टेकायला गेली की टोपली मागे पळते. वाड्यातल्या झोपाळ्याला दोन्ही बाजूंना कड्या असतात, कडी धरून माणूस बसतो. इथे धरायला काहीच नाही. इतक्या दुकानांत फिरले, पाइपची जाडी मोजली, आणि ज्या बाईसाठी खुर्ची तिची उंची मोजली नाही.

आई म्हणाली, "असू दे, मी इथे बाजूला खुर्ची टाकून बघते." हे ऐकायला फार वाईट वाटलं.

५ एप्रिल

साखळी दोन कड्यांनी वाढवली, बैठक ४६ वर आली. स्टँडच्या खांबाला बाथरूममध्ये लावतात तसला स्टीलचा दांडा दोन यू क्लॅम्पने आवळला, खाली रबराची पट्टी घालून, कोटिंग खरवडू नये म्हणून. टोपलीच्या मागून खांबाला दोरीची एक ढिली फास, बसताना अडकवायची, बसलं की सोडायची. दुसऱ्या माणसाने टोपली धरून ठेवावी हे सगळ्यात चांगलं, पण आईला ते नको आहे.

आता बसते. सकाळी साडेसातला, सकाळचा पेपर घेऊन.

१८ एप्रिल

कुरकुर. दर झोक्याला एक. दोन दिवस आकड्यावर संशय घेतला. कापसाने एकेका जोडावर थोडं ग्रीस लावून बघत गेले तर दोषी निघाला दांड्याचा क्लॅम्प. स्प्रिंगच्या वेढ्यांना मात्र ग्रीस भरपूर लावू नये, धूळ धरून लापशी होते. पुसट हात पुरे.

२० मे

संध्याकाळी वळीव आला. मी बाजारात, आई आत झोपलेली. आले तेव्हा खुर्ची आडवी, मोगऱ्याची कुंडी फुटलेली, टोपलीच्या तीन पट्ट्या कठड्यावर घासून तुटलेल्या.

सगळा हिशेब बसलेल्या माणसाचा केला होता. रिकामी टोपली म्हणजे शीड. वाऱ्याने तिला रेटलं आणि तो जोर थेट १९० सेंमी उंचीवरच्या आकड्यावर गेला. पंचेचाळीस किलोचा स्टँड मला फार वाटत होता.

हे काही बोलले नाहीत. नुसती माती गोळा केली. बोलले असते तर बरं झालं असतं.

२५ मे

टोपली रिक्षात घालून पुन्हा बुरूड आळीत. कारागिराने प्लास्टिकची पट्टी बोटांत फिरवून बघितली. "हे आमचं काम नाही, पण वीण ती वीण." तुटलेल्या टोकांच्या आधीपासून नवी पट्टी घालून, चार घरं मागे नेऊन लपवली. कुठे जोडलंय ते शोधावं लागतं. दीडशे रुपये घेतले. मी जास्त देत होते, घेतले नाहीत.

बेसवर दोन शहाबादी फरश्या, दोन बाय दोन फूट, इंचभर जाड, एकेक पंचवीस किलोच्या आसपास. खाली रबर. टेरेसवर एवढा भार चालेल का, हेही बघितलं. निवासी बाल्कनीसाठी आयएस ८७५ हे इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरतं, म्हणजे तीनशे किलो. आमचं सगळं मिळून, आईपेक्षा जड माणूस धरूनही, १८० च्या आसपास, आणि तेही चौरस मीटरभराहून थोड्या जास्त जागेत. टेरेसवर याआधी पाण्याची टाकी होती, त्यापुढे हे काहीच नाही.

आणि नवा नियम: आभाळ भरलं की टोपली काढून आत. कॅरॅबिनरमुळे अर्ध्या मिनिटाचं काम.

२७ मे

पाऊस काल पुण्यात दाखल झाल्याचं वेधशाळेने जाहीर केलं. मे महिन्यात! टोपली आत यायचा मुहूर्त पंधरा दिवस आधीच आला. हॉलमध्ये ती एवढी मोठी दिसते की पाहुणे आधी तिला नमस्कार करतात.

१३ जुलै

गादीला वास. खोळ काढली तर आत काळे ठिपके, फोमपर्यंत. गादी आतच होती, पण ती कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती. आतली दमटी बाहेर जाणार कुठे? खोळ व्हिनेगरच्या पाण्यात तासभर भिजवून साबणाने धुतली. फोम पिळायचा नाही, दाबायचा, पिळला की फाटतो. पंख्याखाली उभा करून तीन दिवस वाळवला. आता जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवला आहे.

स्टँड बाहेरच आहे. भोकांतून पाणी ठिबकताना दिसतं. ते बघून मला जो आनंद होतो तो घरात कोणाला समजावता येत नाही.

१० ऑगस्ट

पारवे. कमानीवर रांगेने बसतात. त्यांची विष्ठा कोटिंगवर राहिली तर डाग पडून तिथला चकचकीतपणा जातो. ओल्या फडक्याने त्याच दिवशी पुसायची, वाळल्यावर खरवडायची नाही, आधी भिजवायची. एका जोडीने आकड्याच्या स्विव्हलवर काड्या आणायला सुरुवात केली होती. आईने काठी ठेवली आहे आणि आवाज राखीव ठेवला आहे.

सॉकेटजवळ नखाएवढा गंज. वादळात आपटलेली जागा. पॉलिश पेपरने चमक येईपर्यंत घासलं, झिंक प्रायमर, दुसऱ्या दिवशी इनॅमल. राखाडीची छटा जुळली नाही. राहू दे.

१४ सप्टेंबर

गणपती झाले. पावसाची उघडीप, टोपली दोन दिवस बाहेर लावायची म्हणून कॅरॅबिनर हातात घेतला आणि बोटाला खाच लागली. स्विव्हलची कडी टेकते तिथे चांगली अर्ध्या मिमीची.

कारण नंतर सुचलं, तेही स्वतःवर चिडून. ट्रेकिंगचा कॅरॅबिनर ॲल्युमिनियमचा, कडी स्टीलची. डोंगरावर त्यात दोर असतो आणि काम थोड्या वेळाचं. इथे स्टील ॲल्युमिनियमवर रोज हजार वेळा घासतंय. २२ किलोन्यूटनचा आकडा खरा होता, तो घासण्याबद्दल बोलत नव्हता. भोसरीत एखाद्या पोराने हे केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं.

बोहरी आळीतून स्टीलचा डी शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणारी डी आकाराची कडी, आणला. झुलताना त्याची पिन हळूहळू उलटी फिरून सुटू शकते, म्हणून पिनच्या भोकातून तार ओवून शॅकलच्या अंगाला बांधली. टोपली काढायला आता पक्कड लागते, पण ते चालेल. पावसाळा संपत आलाय. भाच्याला कॅरॅबिनर परत दिला आणि तो ट्रेकला वापरायचा नाही असं बजावलं. त्याने किल्ल्या अडकवल्या.

६ ऑक्टोबर, कोजागरी

आटवलेलं दूध, टेरेसवर सगळे. नात टोपलीत उभी राहिली, तिला खाली बसवलं. आई म्हणाली, "वाड्यातल्या झोपाळ्यावर आम्ही पाच जणी बसायचो." या खुर्चीत एकच. हे तिला सांगितलं नाही, तिला माहीत आहे. बाकीचे सतरंजीवर बसलो, तिच्या पायांशी.

१२ ऑक्टोबर

पावसाळ्यानंतरची तपासणी. बोल्ट सहा, सगळे घट्ट. भोकांत माती अडकलेली दोन, तारेने मोकळी केली. शॅकलला खाच नाही. विणीला साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. जोराचा फवारा मारला नाही, पट्ट्या सैल होतात. बुरूड आळीतला जोड पकडून आहे. दांड्याच्या क्लॅम्पखालचं रबर चिरलंय, सायकलची जुनी ट्यूब कापून लावली.

स्प्रिंग मोकळी लांबी १५२. मार्चमध्ये १५३. एक मिमी व्हर्निअर धरायच्या चुकीतही बसेल. १४८ ला बदलायची असं मी ठरवलंय. नवी आणून ठेवली आहे, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून, चपलांच्या कपाटात वरच्या खणात.